७२ तासांचा प्रश्न आणि हॉस्पिटलची लायब्ररी

नवीन हॉस्पिटल जॉईन केलं की पहिल्या दिवशी इंडक्शन असतं, त्यात सगळं सांगतात, आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं, कुठल्या रंगाच्या पिशवीत काय टाकायचं, सुई टोचली गेली तर कोणाला कळवायचं, आयडी कार्ड, पासवर्ड, रजेचे नियम, आणि या सगळ्याच्या शेवटी लोक उठायच्या बेतात असताना एक वाक्य येतं की आपल्याकडे लायब्ररी पण आहे, लॉगिन करून घ्या. बस, पुढची स्लाईड. माझं आता ठाम मत झालंय की हे वाक्य सकाळी पहिल्या तासात यायला हवं आणि त्यावर निदान अर्धा तास तरी द्यायला हवा.

कारण नवीन माणसाकडे सगळ्यात जास्त काय असतं तर प्रश्न, आणि ते विचारायची चोरी. वॉर्डमध्ये माणसं भरपूर असतात, वेळ कोणाकडेच नसतो. इन्चार्ज सिस्टर एका कानाने फोन आणि दुसऱ्या कानाने राउंडच्या ऑर्डर ऐकत असतात, रेसिडेंट डॉक्टर रात्रभर जागलेला असतो, आणि सीनियर स्टाफकडून जे उत्तर मिळतं ते बहुतेक वेळा बरोबर असतं पण त्यात 'का' नसतं. असंच करतात, आधीपासून असंच आहे, प्रोटोकॉल आहे. मी कोणाला नावं ठेवत नाहीये हां. ज्यांनी मला असं सांगितलं त्यांच्या हाताखालीच मी नर्सिंग शिकले, आणि त्यांच्या हातांना जे कळतं ते मला कळायला अजून खूप वर्षं जातील. पण 'का' कळल्याशिवाय केलेलं काम मनात कुठेतरी टोचत राहतं, निदान मला तरी.

माझा टोचणारा प्रश्न कॅन्युलाचा होता, म्हणजे सलाईन-औषध द्यायला शिरेत बसवतात त्या बारीक नळीचा, तिलाच आम्ही लाईन पण म्हणतो. मेडिकल वॉर्डला एक आजी होत्या, दोन्ही हातांवर आधीच्या टोचण्यांचे निळे-पिवळे डाग, शिरा हाताला लागतायत म्हणेपर्यंत सटकणाऱ्या. बऱ्याच खटपटीनंतर मनगटाच्या जरा वर एक चांगली शीर मिळालेली, लाईन मस्त चालू, जागा स्वच्छ, लाली नाही, सूज नाही, दाबलं तरी दुखत नाही. आणि ७२ तास झाले म्हणून ती काढून दुसरीकडे नवी टोचायची. आजी म्हणाल्या, "अगं ही चांगली चाललीये ना, मग का काढतेस?" मी सांगितलं, आजी, जास्त वेळ ठेवली तर शीर सुजते, इन्फेक्शन होऊ शकतं, म्हणून बदलायची. त्यांनी हात पुढे केला. हे सांगताना माझ्याच लक्षात आलं की ७२ च का, ९६ का नाही, आणि जागा एवढी छान असताना घड्याळाकडे बघून का काढायची, हे मला माहीतच नाहीये. इन्चार्ज सिस्टरांना विचारलं तर त्या थांबल्या, म्हणाल्या, "मलाही असंच शिकवलंय गं. लायब्ररीत विचारून बघ ना, आणि कळलं तर मलाही सांग." एवढं बोलून परत फोनकडे.

ड्युटी संपल्यावर गेले. लायब्ररी म्हणजे ओपीडीच्या गोंगाटापासून लांब एक खोली, भिंतीला कपाटं, मधे टेबलं, कोपऱ्यात कॉम्प्युटर, एका टेबलावर कुणीतरी हृदयाच्या ॲनाटॉमीचं पान उघडं ठेवून निघून गेलेलं. लायब्ररियन मॅडम समोरच होत्या. मी विचारलं, कॅन्युलावर काही पुस्तक आहे का? त्या म्हणाल्या, "आहे, देते. पण आधी सांगा, तुम्हाला नक्की ठरवायचंय काय?"

यापुढची पंधरा-वीस मिनिटं मला फार मोलाची वाटतात. त्यांनी पुस्तक काढलंच नाही, प्रश्न विचारत बसल्या. पेशंट मोठे की लहान मुलं? हाताच्या शिरेतली साधी लाईन की मोठ्या शिरेतली सेंट्रल लाईन? ठरलेल्या वेळेला बदलणं याची तुलना कशाशी करायची, लक्षणं दिसली की बदलणं याच्याशी? आणि चांगलं-वाईट कशावरून ठरवणार, शीर सुजली का यावरून, रक्तात इन्फेक्शन गेलं का यावरून, की पेशंटला किती वेळा टोचलं यावरून? मी म्हटलं तिन्ही. त्या म्हणाल्या, "चालेल, पण तिन्हीची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात, तयारी ठेवा." याला पायको म्हणतात, म्हणजे पेशंट कोण, करणार काय, कशाच्या तुलनेत, आणि परिणाम कोणता बघणार. १९९५ मध्ये एव्हिडन्स बेस्ड मेडिसिनच्या, म्हणजे पुरावा बघून उपचार ठरवा म्हणणाऱ्या लोकांनी ही रीत लिहून मांडली आणि आता जगभर नर्सिंगच्या पोरांना शिकवतात. मीही शिकले होते, परीक्षेत लिहिलं पण होतं. पण समोर बसून कुणीतरी माझ्याच वॉर्डमधल्या माझ्याच प्रश्नाला असं सोलून काढतंय हे पहिल्यांदा घडत होतं, आणि प्रश्न सोलला गेला तसं मला दिसायला लागलं की मी नुसती वैतागले नव्हते, त्यात खरंच विचारण्यासारखं काहीतरी होतं.

मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि पबमेड उघडलं, मेडिकल लेख शोधायची साईट. ते उघडता सगळ्यांनाच येतं, फुकट आहे, मोबाईलवर पण चालतं. पण त्यात साडेतीन कोटींहून जास्त लेखांच्या नोंदी आहेत आणि एकाच गोष्टीला दहा जण दहा नावं देतात, हीच तर अडचण आहे. बेडसोर घ्या. कुणी प्रेशर सोर लिहितं, कुणी डेक्युबिटस अल्सर, कुणी प्रेशर इंज्युरी. तुम्ही एक शब्द टाकला की बाकीच्यांनी लिहिलेलं हातातून निसटू शकतं. यावर अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० पासून मेश नावाची ठरलेल्या विषयांची यादी चालवलीये, लेखकाने काहीही नाव वापरलेलं असो, त्या लेखावर ठरलेला विषय लावायचा. बेडसोरचे सगळे भाऊबंद मग 'प्रेशर अल्सर' या एकाच नावाखाली सापडतात. ताज्या लेखांवर कधीकधी हा शिक्का लागलेला नसतो, म्हणून मेश पण टाकायचं आणि साधे शब्द पण टाकायचे. एकाच कल्पनेची नावं 'ऑर'ने जोडायची, वेगवेगळ्या कल्पना 'अँड'ने. आणि 'नॉट' जपून वापरा असं मॅडमनी बजावलं, लहान मुलं नकोत म्हणून 'नॉट' टाकलं तर ज्या लेखात मोठे आणि लहान दोघंही आहेत तो लेखसुद्धा उडतो. छोटीशी गोष्ट आहे पण ही कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

मागचा इतिहास मी नंतर स्वतःच वाचला आणि त्यात रमलेच. १८७९ मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज नावाच्या अमेरिकन आर्मी सर्जनने इंडेक्स मेडिकस सुरू केला, जगभरच्या मेडिकल जर्नल्समध्ये काय छापून येतंय त्याची विषयवार छापील यादी. डॉक्टर आणि लायब्ररियन ती जाड बाडं उघडून वर्षामागून वर्ष बोटाने शोधत बसायचे. १९६४ मध्ये हे काम कॉम्प्युटरवर गेलं, १९७१ मध्ये मेडलाइन नावाने ती यादी ऑनलाइन आली, पण शोध घ्यायला बहुतेक वेळा शिकलेला लायब्ररियनच लागायचा, आणि १९९७ मध्ये पबमेड सगळ्यांसाठी फुकट खुलं झालं. छापील इंडेक्स मेडिकस २००४ ला बंद झाला. म्हणजे मी बसच्या सीटवर बसून अंगठ्याने जे शोधते त्याच्यामागे सव्वाशे वर्षं लोकांनी बसून एकेका लेखावर विषय लिहिलेत. मला तरी हे वाचून भरून आलं.

असो, कॅन्युला. २०१२ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या तीन हॉस्पिटलांचा अभ्यास आला होता, ३२८३ मोठे पेशंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडलेले, एका गटात दर तिसऱ्या दिवशी कॅन्युला बदलायची, दुसऱ्यात गरज पडली तरच. शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ७ टक्के. मला इतका आनंद झाला की मी ते पान लगेच प्रिंट करायला निघाले, उद्या वॉर्डमध्ये दाखवते म्हणून. मॅडम म्हणाल्या, "एकच अभ्यास घेऊन जाऊ नका, थांबा जरा." मग कॉक्रेनचा आढावा काढला. कॉक्रेन म्हणजे १९९३ मध्ये सुरू झालेलं जगभरच्या लोकांचं जाळं, एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून, तपासून, एकत्र उत्तर मांडतात. त्यांच्या २०१९ च्या आढाव्यात नऊ अभ्यास आणि ७४१२ पेशंट होते, आणि शीर सुजण्यात फारसा फरक नाही हेच त्यातही निघालं, पण औषध शिरेबाहेर झिरपणं किंवा लाईन बंद पडणं हे वेळेवर बदलणाऱ्या गटात बहुधा थोडं कमी, असंही होतं.

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं झालं, आलं उत्तर. तर मॅडमनी अजून एक काढला. २०२१ चा, जिनिव्हाच्या विद्यापीठ हॉस्पिटलचा, चार लाखांहून जास्त कॅन्युलांची नोंद. तिथे आधी ९६ तासांना बदलायची पद्धत होती, मग ती बंद करून गरजेप्रमाणे बदलायला लागले, तर कॅन्युलामुळे रक्तात जाणारी इन्फेक्शन्स वाढली, मग त्यांनी जुना नियम परत आणला आणि ती पुन्हा खाली आली.

मी गप्पच झाले. म्हणजे आता काय? मॅडमनी उत्तर दिलं नाही, ते त्यांचं कामही नाही, त्यांनी फक्त लॅन्सेटचा आणि जिनिव्हाचा असे दोन अभ्यास शेजारी ठेवले आणि विचारलं की यांच्यात फरक काय दिसतो. बघत बसले तेव्हा हळूहळू दिसलं. पहिल्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेत, म्हणजे तुलना स्वच्छ आहे, आणि अभ्यास चालू असल्यामुळे कोणीतरी रोज येऊन जागा बघत होतं. दुसऱ्यात सगळं हॉस्पिटल एकदम बदललं, गट पाडलेले नाहीत, पण रक्तातलं इन्फेक्शन ही इतकी क्वचित होणारी गोष्ट आहे की तीन हजार पेशंटमध्ये ती जेमतेमच दिसणार, तिला लाखांत आकडे लागतात. आणि मग डोक्यात आलं की "गरज पडली तर काढा" हा नियम चालतो तो कोणीतरी प्रत्येक ड्युटीला पट्टी खालची जागा खरंच बघत असेल तर. बघणारं कोणी नसेल तर घड्याळ तरी बघा, त्या ७२ तासांचा खरा अर्थ मला असा लागला. हा माझा निष्कर्ष, चुकीचा असू शकतो, पण त्या दिवसापासून मी हँडओव्हर घेताना लाईनची जागा स्वतः बोट लावून बघते आणि चार्टवर लिहिते, कुणी विचारो न विचारो.

वॉर्डमध्ये पुढे काय झालं ते पटकन सांगते, त्यात नाट्य काही नाही. इन्चार्ज सिस्टरांना तिन्ही लेख दिले, त्यांनी खरोखर वाचले, एका दुपारी सगळ्यांना बसवून चर्चा केली, इन्फेक्शन कंट्रोलकडे पाठवलं. नियम बदलायचा की नाही हे कमिटी ठरवेल, माझ्या पातळीवरचा निर्णयच नाही तो, आणि नसावाच. पण लाईनच्या जागेला गुण देऊन लिहायचा एक रकाना चार्टमध्ये आला. शिरा मिळत नाहीत अशा पेशंटच्या बाबतीत डॉक्टरांना फोन करून विचारायला आता आम्ही बिचकत नाही.

शोधाला इतकं महत्त्व का देते, तर एक घटना वाचल्यापासून ती डोक्यातून जात नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याबद्दलच्या एका संशोधनात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं औषध हुंगायला दिलं होतं. त्यातली २४ वर्षांची एक मुलगी फुप्फुसं निकामी होऊन गेली. प्रयोगाआधी औषधाबद्दल शोध घेतलेला होता, पण तेव्हा पबमेडमध्ये १९६६ पासूनचंच साहित्य मिळायचं, आणि या औषधाने फुप्फुसांना इजा होते असं सांगणारे लेख १९५० च्या दशकातले होते. ते छापील बाडांमध्ये होते, जुन्या पुस्तकांमध्ये होते. जगात ती माहिती होती, लिहून ठेवलेली होती, पण ज्या क्षणी लागत होती तेव्हा कोणाच्या हातात नव्हती. स्क्रीनवर 'काही सापडलं नाही' असं आलं की आता मी दर वेळी विचारते, काही नाहीच आहे, की मी जिथे बघतेय तिथे नाहीये?

दुसरी गोष्ट मूळ लेख वाचण्याची. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये संपादकांना लिहिलेलं एक पत्र छापून आलं, फक्त पाच वाक्यांचं, की हॉस्पिटलमध्ये दाखल असताना मॉर्फिनसारखी औषधं दिलेल्या ११,८८२ पेशंटमध्ये व्यसन लागल्याच्या चारच नोंदी सापडल्या. इतकंच. पुढे हे पत्र सहाशेहून जास्त वेळा उद्धृत झालं, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते या औषधांनी व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून वापरलं, पेशंट हॉस्पिटलमध्ये दाखल होते हे न सांगता. घरी दीर्घकाळ ही औषधं घेणाऱ्यांचा त्या पत्रात उल्लेखच नाही! पाच वाक्यं वाचायला किती वेळ लागतो? २०१७ मध्ये कुणीतरी ते सगळे संदर्भ मोजले तेव्हा जर्नलने पत्राच्या वर सूचना लावली, तोवर अमेरिकेत या औषधांनी काय हाहाकार माजवला ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून नुसता सारांश वाचून वॉर्डमध्ये काही सांगायचं नाही हे मी ठरवलंय. पूर्ण लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल तर स्वतः पैसे भरू नका, लायब्ररीला मागा, त्यांच्याकडे नसेल तर दुसऱ्या लायब्ररीतून मागवून देतात, एकमेकांना लेख द्यायची त्यांची व्यवस्था असते. आजकाल एआयला विचारून संदर्भ आणणारेही दिसतात, त्यातले काही लेख जगात अस्तित्वातच नसतात, नाव, वर्ष, जर्नल सगळं खरं वाटतं आणि शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. मॅडमकडे असे 'लेख' शोधून द्या म्हणून येणारे वाढलेत.

आणि हे फक्त डॉक्टर-नर्सचं आहे असं समजू नका. आमच्याकडे फिजिओवाले येतात, डाएटिशियन येतात, फार्मसीतला एक मुलगा औषधांच्या एकत्र वापराबद्दल बघायला येतो, मेडिकल रेकॉर्डची एक ताई कोडिंगच्या, म्हणजे आजारांना ठरलेले कोड द्यायच्या शंका घेऊन येते. बायोमेडिकलचा टेक्निशियन मशीनचं मॅन्युअल शोधत आलेला मी पाहिलाय. कोणी काय विचारलं हे तिथून बाहेर जात नाही, हे मला सगळ्यात आवडतं. नवीन माणसाला "हिला एवढंही येत नाही" ही भीती असते ती त्या टेबलापाशी राहत नाही. आपणही एक पथ्य पाळायचं, शोधताना किंवा विचारताना पेशंटचं नाव, बेड नंबर, फोटो काही द्यायचं नाही, वय आणि आजार पुरतो. आणि कपाटातलं पुस्तक घेताना आवृत्तीचं वर्ष बघायचं, ॲनाटॉमी जुनी चालेल एक वेळ, औषधांचा डोस जुन्या पुस्तकातून कधीच नाही.

हल्ली ऐकते की सगळं ऑनलाइन आहे तर लायब्ररी कशाला, जागा दुसऱ्या कामाला देऊ. खोली लहान झाली तरी मला चालेल खरं सांगायचं तर, पण तिथलं माणूस जाऊ नये. १९७१ मध्ये गर्ट्रूड लॅम्ब नावाच्या लायब्ररियनने अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये लायब्ररियनना थेट डॉक्टरांसोबत राउंडला पाठवायला सुरुवात केली, पेशंटसमोर जो प्रश्न निघेल तो तिथेच टिपून घ्यायचा आणि उत्तर शोधून आणायचं. १९९२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्याच रोचेस्टरच्या हॉस्पिटलांमधल्या डॉक्टरांना विचारलं होतं की लायब्ररीने दिलेल्या माहितीमुळे उपचारात काही बदललंत का, तर उत्तर दिलेल्या २०८ जणांपैकी साधारण ८० टक्के म्हणाले, हो, काही ना काही बदललं. डॉक्टरांनी स्वतःच सांगितलेलं आहे हे, त्यामुळे आकडा थोडा सावधपणे घ्यायचा, पण त्यांच्यापैकी निम्म्यांनी जरी खरंच बदललं असेल तरी पलीकडे किती पेशंट असतील विचार करा. मशीनला बजेट मिळतं कारण मशीन दिसतं. कुणीतरी वेळेत वाचल्यामुळे जे टळलं ते कोणत्याच रजिस्टरमध्ये दिसत नाही.

सध्या माझी बदली आयसीयूला झालीये आणि नवा प्रश्न आलाय. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं तोंड आम्ही क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने साफ करतो, न्यूमोनिया होऊ नये म्हणून, आणि २०२२ च्या अमेरिकन शिफारशींमध्ये दात ब्रशने घासा पण क्लोरहेक्सिडीन नको असं म्हटलेलं आहे. का म्हटलंय ते मला बघायचंय. पेशंट कोण, करणार काय, कशाच्या तुलनेत, परिणाम कोणता, चारही रकाने भरून काल मॅडमना पाठवलेत. त्यांचं उत्तर आलंय, "परिणाम दोन लिहिलेत, न्यूमोनिया आणि मृत्यू, दोन्ही वेगळे शोधूया. गुरुवारी ड्युटीनंतर या." सोबत काम करणाऱ्या नवीन मुलीलाही यायचंय, तिचा प्रश्न वेगळा आहे, तो तिचा तिलाच मांडू देणार आहे.